ऑस्करच्या विजेत्यांचा अंदाज कसा बांधावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात नेमकी कुठून करायची?

मतदारापासून. बहुतेक जण नामांकन मिळालेले चित्रपट पाहतात, त्यातला मनाला भिडलेला निवडतात आणि त्याच्यापुढे खूण करतात. तिथेच गडबड होते. ‘कोणाला मिळायला हवा’ हा रसिकाचा प्रश्न आहे आणि ‘कोणाला मिळेल’ हा मतमोजणीचा. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी मोलाचे आहेत, पण दोन्हींची उत्तरे एकाच रकान्यात लिहू नका. वहीत प्रत्येक विभागासाठी दोन रकाने ठेवा, ‘माझी पसंती’ आणि ‘माझा अंदाज’. पसंतीला स्वतःची जागा मिळाली की ती अंदाजात फारशी लुडबुड करत नाही.

मग अंदाजाच्या रकान्यासाठी तीन गोष्टी शोधा: या विभागात मत कोण देते, मते कशी मोजतात आणि मतदान कोणत्या तारखेला बंद होते. पुढची बहुतेक उत्तरे या तिन्हींभोवतीच फिरतात.

मत कोण देते?

अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेचे सदस्य. संस्था १९२७ ची, पहिला सोहळा १६ मे १९२९ चा. मतदानाचा हक्क असलेले सदस्य आज सुमारे १० हजार आहेत. ते व्यवसायानुसार शाखांमध्ये विभागलेले आहेत आणि त्यांत अभिनेत्यांची शाखा सर्वांत मोठी आहे.

नामांकने साधारणपणे त्या त्या शाखेचे लोक ठरवतात. वेशभूषेची नामांकने वेशभूषाकार देतात, संकलनाची संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकने मात्र सगळे सदस्य मिळून ठरवतात. अंतिम फेरीत मात्र सर्व विभाग सर्व सदस्यांसाठी खुले असतात. म्हणजे ध्वनीचा विजेता ध्वनितंत्रज्ञ एकटे ठरवत नाहीत. अभिनेते, लेखक, निर्माते आणि प्रसिद्धीचे काम करणारेही ठरवतात. म्हणून नामांकनांचा अंदाज आणि विजेत्यांचा अंदाज ही दोन वेगळी कामे समजा.

गीतकार डायान वॉरन यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. संगीत शाखेने त्यांना ९७ व्या (२०२५ च्या) सोहळ्यापर्यंत १६ वेळा नामांकन दिले, पण त्या सोळांपैकी एकदाही सर्व सदस्यांनी त्यांना विजयी केले नाही. २०२२ मध्ये त्यांना मिळालेला ऑस्कर मानद होता. शाखेचे प्रेम नामांकनापर्यंत नेते, पुढचा रस्ता वेगळा असतो.

मतदारवर्ग बदलतो हेही ध्यानात असू द्या. २०१६ नंतर अकादमीने महिला, गौरेतर आणि अमेरिकेबाहेरचे सदस्य मोठ्या संख्येने घेतले. २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ हा इंग्रजीबाहेरच्या भाषेतला पहिला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, त्यामागे हा बदल मोठा आहे. १९९० च्या दशकातले आडाखे आज जसेच्या तसे लावले तर ते वेगळ्याच मतदारांना लावले जातात.

‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ या विभागाची मोजणी वेगळी असते म्हणजे काय?

बाकीच्या विभागांत साधा हिशेब आहे. ज्याला सर्वाधिक मते तो जिंकला, मग ती मते २५ टक्के का असेनात. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २००९ च्या चित्रपटांपासून पसंतीक्रमाचे मतदान आहे. विधान परिषदेच्या निवडणुकांमुळे ‘पहिल्या पसंतीची मते’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, तसेच हे. मतदार दहा चित्रपटांना १ ते १० असे क्रम देतो. कोणालाही निम्म्याहून अधिक मते नसतील तर सर्वांत कमी पहिल्या पसंती मिळालेला चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीतरी निम्म्याची रेषा ओलांडेपर्यंत हे चालू राहते.

चार काल्पनिक चित्रपट आणि १०० मतपत्रिका घेऊन पाहू. पहिल्या पसंतीची मते अशी: क ३४, ख ३०, ग २०, घ १६. घ बाद. त्याच्या १६ पत्रिकांवर दुसरी पसंती ख ९, ग ५, क २. आता क ३६, ख ३९, ग २५. ग बाद. त्याच्या २५ पत्रिकांवर उरलेल्या दोघांत ख वर आहे १७ ठिकाणी, क वर आहे ८ ठिकाणी. शेवट: ख ५६, क ४४. सुरुवातीला चार मतांनी पुढे असलेला क हरला.

यातून अंदाज बांधणाऱ्याने शिकायची गोष्ट एकच: ज्याच्यावर काही लोक जीव टाकतात आणि बाकीचे वैतागतात, असा चित्रपट इथे धोक्यात असतो. ज्याला फारसे कोणी नाव ठेवत नाही, जो बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा येतो, तो तरतो. त्यामुळे समीक्षा वाचताना स्तुती किती भरभरून आहे याच्याइतकेच विरोध किती कडवा आहे हेही पाहा.

नामांकनांची संख्याही बदलत गेली आहे. २००९ आणि २०१० च्या चित्रपटांसाठी दहा, मग दहा वर्षे पाच ते दहा यांच्या दरम्यान, आणि ९४ व्या सोहळ्यापासून पुन्हा ठाम दहा.

मग नामांकनांत कोण पुढे जाते?

तिथे चित्र उलटे आहे. बहुतेक शाखा नामांकनासाठीही पसंतीक्रमच वापरतात, पण पाच जागा असल्यामुळे कोटा लहान असतो. ६०० पत्रिका आल्या तर ६०० भागिले ६, अधिक १, म्हणजे १०१. एवढ्या पहिल्या पसंती मिळाल्या की जागा पक्की. अर्थात शाखेतल्या सहाव्या हिश्श्याने जीव लावला तरी पुरते. सगळ्यांच्या यादीत चौथे-पाचवे असणारे नाव इथे मागे पडते.

थोडक्यात, नामांकनासाठी कट्टर चाहते मोजा, विजयासाठी पाठिंब्याचा विस्तार. दरवर्षी नामांकनांच्या दिवशी ‘धक्का’ म्हणून गाजणाऱ्या नावांचा खुलासा बहुतेकदा या एका फरकात सापडतो.

आधीच्या पुरस्कारांपैकी कोणाचे किती ऐकायचे?

सरसकट सगळ्यांची बेरीज करू नका. प्रत्येक पुरस्काराचे बळ वेगवेगळ्या विभागात आहे.

*दिग्दर्शक संघटना (डीजीए).* दिग्दर्शनासाठी याहून भरवशाची खूण नाही. १९४८ पासून २०२४ च्या चित्रपटांपर्यंत या संघटनेचा विजेता ऑस्करमध्ये फक्त आठ वेळा हुकला. त्या आठांतही तीन वेळा (१९८५ चे स्टीव्हन स्पीलबर्ग, १९९५ चे रॉन हॉवर्ड, २०१२ चे बेन ॲफ्लेक) विजेत्याला ऑस्करचे नामांकनच नव्हते. म्हणजे समोरासमोरच्या लढतीत हार झाली ती पाचदाच. सर्वांत अलीकडची २०१९ च्या चित्रपटांची: संघटनेने ‘१९१७’ साठी सॅम मेंडिस यांना निवडले, ऑस्कर बाँग जून-हो यांना मिळाला.

*निर्माता संघटना (पीजीए).* सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी हिचे महत्त्व आहे, आणि त्याला कारण आहे: मोजणीची पद्धत अकादमीसारखीच पसंतीक्रमाची. २००९ ते २०२४ या सोळा चित्रपटवर्षांत निकाल तेरा वेळा जुळला (त्यांत २०१३ ची बरोबरी धरली आहे). चुकली ती २०१५, २०१६ आणि २०१९ ही वर्षे.

*अभिनेत्यांची संघटना (सॅग).* मतदार लाखाहून अधिक, म्हणून सर्वसामान्य कलाकारांचा कल इथे दिसतो. कलाकारसंचाचा पुरस्कार म्हणजेच सर्वोत्कृष्ट चित्रपट असे समजू नका, २०२४ च्या चित्रपटांत तो ‘कॉन्क्लेव्ह’ला मिळाला आणि ऑस्कर ‘अनोरा’ला. पण निर्मात्यांची संघटना चुकली त्या तीन वर्षांपैकी दोनदा, ‘स्पॉटलाइट’ आणि ‘पॅरासाइट’ यांच्या वेळी, खरा कल कलाकारसंचाच्या पुरस्काराने दाखवला होता. दोन संघटनांचे निकाल वेगळे आले की म्हणूनच थबकायचे. २०२६ पासून हे पुरस्कार ‘ॲक्टर अवॉर्ड्स’ या नावाने दिले जातात, जुने तक्ते शोधताना जुने नाव वापरा.

*बाफ्टा.* ब्रिटिश अकादमीचे सदस्य आणि ऑस्करचे मतदार काही प्रमाणात एकच आहेत. अभिनयात बाफ्टाला वजन द्या, सर्वोत्कृष्ट चित्रपटात देऊ नका. २०१४ ते २०२४ या अकरा वर्षांत बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ऑस्करशी फक्त दोनदा जुळला: ‘नोमॅडलँड’ आणि ‘ओपनहायमर’.

*क्रिटिक्स चॉइस आणि गोल्डन ग्लोब.* दोन्हीकडे मतदार पत्रकार व समीक्षक, ऑस्करचे मत नाही. ग्लोबची जुनी संघटना २०२३ मध्ये बरखास्त झाली आणि आता ३०० हून अधिक जणांचा आंतरराष्ट्रीय मतदारवर्ग आहे. या पुरस्कारांचा उपयोग शर्यतीत कोण आहे हे कळण्यापुरता. जिंकणाऱ्याचे भाषण टीव्हीवर गाजते, त्यातून हवा तयार होते, हा परिणाम मात्र खरा आहे.

अभिनयाचे पुरस्कार वेगवेगळ्यांना गेले तर कोणाला निवडायचे?

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

चारही मोठे पुरस्कार (ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, सॅग, बाफ्टा) एकाच व्यक्तीला मिळाले असतील तर दुसरे नाव लिहिण्याचा मोह टाळा. प्रश्न येतो तो तीन-एक किंवा दोन-दोन अशा विभागणीत.

९१ व्या सोहळ्याआधी ग्लेन क्लोज यांच्याकडे ग्लोब, सॅग आणि बरोबरीत क्रिटिक्स चॉइस होते, ऑलिव्हिया कोलमन यांच्याकडे विनोदी विभागातला ग्लोब आणि बाफ्टा. जिंकल्या कोलमन. ९३ व्याला चॅडविक बोसमन यांच्याकडे तीन पुरस्कार होते, अँथनी हॉपकिन्स यांच्याकडे फक्त बाफ्टा, आणि जिंकले हॉपकिन्स. ९७ व्याला डेमी मूर यांच्याकडे तीन, माइकी मॅडिसन यांच्याकडे बाफ्टा, जिंकल्या मॅडिसन. एवढे वाचून ‘बाफ्टा म्हणेल तेच’ असा नियम करावासा वाटतो. थांबा. ९५ व्या सोहळ्यात चारही अभिनय विभागांत बाफ्टा आणि सॅगची नावे वेगळी होती, आणि ऑस्कर चारही वेळा सॅगच्या बाजूने गेला: मिशेल यो, ब्रेंडन फ्रेझर, की हुय क्वान, जेमी ली कर्टिस.

मग या सगळ्यांत समान धागा कोणता? विजेत्याच्या चित्रपटामागे असलेले अकादमीचे एकूण वजन. कोलमन यांच्या ‘द फेव्हरिट’ला दहा नामांकने होती, क्लोज यांच्या ‘द वाइफ’ला त्यांचेच एक. हॉपकिन्स यांचा ‘द फादर’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत होता, बोसमन यांचा ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ नव्हता. मॅडिसन यांचा ‘अनोरा’ आणि यो, क्वान, कर्टिस यांचा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ हे तर त्या त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपट. फ्रेझर हा अपवाद: ‘द व्हेल’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत नव्हता, प्रतिस्पर्ध्याचा ‘एल्व्हिस’ होता. म्हणून याला नियम न म्हणता कल म्हणा. पण विभागणी झाली की पहिला प्रश्न हाच विचारा: यांतला कोणता चित्रपट अधिक मतदारांनी, अधिक मनापासून पाहिला असेल?

आणखी एक खड्डा: मुख्य की सहायक? संघटनांच्या यादीत जो विभाग असतो तोच ऑस्करमध्ये असेल असे नाही, कारण ते अभिनेत्यांची शाखा मत देताना ठरवते. ‘द रीडर’साठी केट विन्सलेट यांना ग्लोब आणि सॅग सहायक अभिनेत्री म्हणून मिळाले, ऑस्करचे नामांकन मुख्य विभागात आले आणि त्या तिथे जिंकल्या. अशा वर्षी दोन्ही विभागांचे आकडे हाताने दुरुस्त करावे लागतात.

तारखांकडे एवढे लक्ष का द्यायचे?

कारण मतपेटी बंद झाल्यावर लागलेला निकाल मतदारावर परिणाम करू शकत नाही. ९७ व्या सोहळ्याचे अंतिम मतदान ११ ते १८ फेब्रुवारी २०२५ या काळात झाले. बाफ्टाचा सोहळा १६ ला, म्हणजे मतदान चालू असताना. सॅगचा २३ ला, मतदान संपल्यावर पाच दिवसांनी. त्या संध्याकाळी सॅग जिंकणाऱ्यांची हवा झाली, वर्तमानपत्रांत मथळे आले, पण ऑस्करच्या पत्रिका तोवर भरून झाल्या होत्या. असा उशिरा आलेला पुरस्कार खूण म्हणून वाचा, तो ‘लाट निर्माण करेल’ असे धरू नका.

वादांचेही तसेच. ‘एमिलिया पेरेझ’ला १३ नामांकने मिळाली आणि त्यानंतर, मतदान सुरू होण्याआधी, मुख्य अभिनेत्रीच्या जुन्या समाजमाध्यमी पोस्टवरून गदारोळ झाला. चित्रपटाला अखेर दोनच पुरस्कार मिळाले, सहायक अभिनेत्री आणि गीत. हाच वाद २० फेब्रुवारीला उठला असता तर मतांना तो शिवला नसता.

पटकथेचा अंदाज दरवर्षी का फसतो?

लेखक संघटनेच्या (डब्ल्यूजीए) याद्या अपुऱ्या असतात म्हणून. संघटनेच्या कराराबाहेर लिहिलेल्या पटकथा तिथे पात्रच ठरत नाहीत. ‘द किंग्ज स्पीच’, ‘जँगो अनचेन्ड’ आणि ‘बर्डमॅन’ हे तिन्ही तिथे अपात्र होते आणि तिन्हींनी स्वतंत्र पटकथेचा ऑस्कर जिंकला. तेव्हा संघटनेचा विजेता लिहून टाकण्याआधी अपात्र कोण होते ते पाहाच.

दुसरी गोष्ट, स्वतंत्र आणि आधारित यांची वाटणी दोन्हीकडे सारखी नसते. ‘मूनलाइट’ लेखक संघटनेत स्वतंत्र होता, अकादमीत आधारित. ‘बार्बी’चेही तसेच झाले.

तांत्रिक विभागांत काय पाहायचे?

तंत्रज्ञांच्या संघटना आपले पुरस्कार वाटून देतात: वेशभूषा आणि कलादिग्दर्शन यांत ऐतिहासिक, समकालीन, अद्भुत असे गट, संकलनात नाट्य आणि विनोदी. एकाच वर्षी तीन ‘विजेते’ तयार होतात आणि ऑस्कर एकच असतो. अशा वेळी अंतिम मतदार तज्ज्ञ नाही हे आठवा. नजरेत भरणारे काम, म्हणजे ऐतिहासिक किंवा अद्भुत जग, समकालीन कपड्यांवर आणि घरांवर सहसा मात करते. ९६ व्याला ‘पुअर थिंग्ज’ने, ९७ व्याला ‘विकेड’ने वेशभूषा आणि कलादिग्दर्शन ही जोडी उचलली. या दोन विभागांत वेगवेगळी नावे लिहायची असतील तर त्यासाठी ठोस कारण हवे.

ध्वनी हा ९३ व्या सोहळ्यापासून एकच विभाग आहे. त्याआधीच्या ध्वनिसंकलन आणि ध्वनिमिश्रण अशा दोन तक्त्यांची सरासरी काढत बसू नका.

दृश्य परिणामांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतला स्पर्धक असेल तर त्याला पुढे धरा. या आडाख्याला मोठा तडा ८८ व्या सोहळ्यात गेला, जेव्हा छोट्या खर्चाच्या ‘एक्स मशिना’ने यादीतल्या तीन चित्रपटांना हरवले. एक कारण असे संभवते की मोठे तीन एकमेकांची मते खात होते, आणि साध्या बहुमताच्या मोजणीत तेवढे पुरते.

९८ व्या सोहळ्यापासून कलाकार निवडीसाठी नवा विभाग आला आहे. तिथे जुना इतिहासच नाही, त्यामुळे खात्रीची टक्केवारी कमी ठेवा.

ॲनिमेशन, आंतरराष्ट्रीय, माहितीपट आणि लघुपट?

ॲनिमेशनमध्ये ॲनी पुरस्कारावर आंधळा विश्वास नको. ९६ व्याआधी तो स्पायडरमॅनच्या चित्रपटाला मिळाला होता, ऑस्कर ‘द बॉय अँड द हेरॉन’ला गेला. ९७ व्याआधी ‘द वाइल्ड रोबोट’ला, ऑस्कर लाटव्हियाच्या ‘फ्लो’ला. ॲनी देणारे त्या उद्योगातले लोक आहेत, ऑस्कर देणारे सगळे.

आंतरराष्ट्रीय विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही नामांकन असलेला चित्रपट जवळजवळ नक्की जिंकतो: ‘रोमा’, ‘पॅरासाइट’, ‘ड्राइव्ह माय कार’, ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’, ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’. ९७ व्याला असे दोन होते, म्हणून आडाखा निरुपयोगी ठरला आणि ब्राझीलचा ‘आय ॲम स्टिल हिअर’ जिंकला.

माहितीपटात नामांकन हीच खरी चाळणी आहे. निर्माता संघटनेचा पुरस्कार मिळवणारा ‘वोन्ट यू बी माय नेबर?’ ऑस्करच्या पाचांतही नव्हता. म्हणून नामांकने जाहीर होण्याआधी इथे विजेता लिहू नका.

लघुपटांचे तीन विभाग लोक डोळे मिटून भरतात, आणि मित्रमंडळींच्या स्पर्धेत निकाल बहुतेकदा तिथेच लागतो. पंधराही लघुपट पाहायला एखादा शनिवार-रविवार पुरतो. पाहताना कलात्मक बारकाव्यांपेक्षा हे टिपा: कथा एका वाक्यात सांगता येते का, शेवट लक्षात राहतो का.

भारताने पाठवलेला चित्रपट म्हणजे ऑस्करचे नामांकन झाले का?

नाही, आणि हा गोंधळ दरवर्षी होतो. प्रत्येक देश एक चित्रपट पाठवतो, त्यांतून १५ ची लघुयादी होते आणि मग पाच नामांकने. मराठीतले ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे भारताची प्रवेशिका होते, नामांकित नव्हते. या विभागात भारताची नामांकने तीन: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’, ‘लगान’.

लघुयादी डिसेंबरमध्ये जाहीर होते. तोवर प्रवेशिकेच्या शक्यतेबद्दल बोलणे म्हणजे पन्नासहून अधिक देशांच्या रांगेत पाहणे. बाकी विभागांत मात्र देशाची मोहोर लागत नाही. ‘नाटू नाटू’ हे गीत भारताची प्रवेशिका नसलेल्या चित्रपटातले होते. ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस ही दोन्ही त्याच्याकडे होती आणि ९५ व्या सोहळ्यात त्याचे नाव लिहिणे हा सरळ अंदाज होता.

जास्त नामांकने म्हणजे जास्त पुरस्कार, बरोबर?

व्यापक पाठिंबा असल्याची ती खूण आहे, पुरस्कारांची हमी नाही. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ला दहा नामांकने आणि शून्य पुरस्कार. ‘ला ला लँड’ला १४ नामांकने, सहा पुरस्कार, पण सर्वोत्कृष्ट चित्रपट नाही.

उलट बाजूही आहे. एखाद्या चित्रपटाची लाट आली की छोटे विभागही तिच्यासोबत वाहतात. ५५ व्या सोहळ्यात ‘गांधी’ने ११ पैकी आठ जिंकले आणि त्यांत भानू अथैया यांचा जॉन मोलो यांच्यासोबतचा वेशभूषेचा ऑस्कर होता. त्या कामाची गुणवत्ता निर्विवाद होती. अंदाजाच्या दृष्टीने धडा इतकाच की लाटेच्या वर्षी विभागून लिहू नये. लाट ओळखायची खूण: निर्माते, दिग्दर्शक आणि कलाकारसंच, तिन्ही संघटनांचे पुरस्कार एकाकडे.

‘दिग्दर्शनाचे नामांकन नसेल तर चित्रपट जिंकत नाही’ अशा नियमांवर किती विसंबायचे?

त्यामागचे कारण समजेल तेवढेच. दिग्दर्शनाच्या नामांकनाविना सर्वोत्कृष्ट ठरलेले चित्रपट ९७ व्या सोहळ्यापर्यंत सहा: ‘विंग्ज’, ‘ग्रँड हॉटेल’, ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’, ‘आर्गो’, ‘ग्रीन बुक’, ‘कोडा’. पण यांतले तीन २०१२ पासूनचे आहेत. दिग्दर्शनाच्या जागा पाच आणि चित्रपटाच्या दहा झाल्यावर हा नियम सैल होणारच होता. संकलनाचा नियमही असाच. ‘ऑर्डिनरी पीपल’नंतर ‘बर्डमॅन’पर्यंत तो तीन दशकांहून अधिक टिकला, मग ‘कोडा’ने पुन्हा मोडला. ‘कोडा’ला अवघी तीन नामांकने होती आणि त्याने तिन्ही जिंकली. त्याच्याकडे निर्माते आणि कलाकारसंच हे दोन्ही पुरस्कार होते, म्हणजे ताज्या खुणा जुन्या नियमाच्या विरोधात होत्या. असा सामना झाला की ताज्या खुणेच्या बाजूने उभे राहा.

सट्टाबाजाराचे भाव पाहून शक्यता कशी काढायची?

पैसे लावायचे नसले तरी भाव माहिती म्हणून वाचता येतात. दशांश भावाने १ ला भागा. भाव १.२५ असेल तर ८० टक्के, ५ असेल तर २०, ११ असेल तर ९.१, २६ असेल तर ३.८, ३४ असेल तर २.९. बेरीज ११५.८ येते, कारण भाव लावणाऱ्याचा नफा त्यात मिसळलेला असतो. प्रत्येक आकडा ११५.८ ने भागून १०० ने गुणा. मग पहिल्याची खरी शक्यता ८० नव्हे, ६९ टक्के निघते. हा भागाकार न केल्याने आघाडीवरचा नेहमी अधिक पक्का वाटतो.

सगळेच विभाग बरोबर का येत नाहीत?

दहा विभागांत प्रत्येकी ८० टक्के खात्री असेल तर दहाही बरोबर येण्याची शक्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे जेमतेम ११ टक्के. सरासरी अपेक्षा आठ. म्हणून दोन चुकले तर पद्धत चुकली असे नाही.

पद्धत तपासायची असेल तर नावासोबत टक्केवारी लिहा आणि निकालानंतर फरकाचा वर्ग काढा. ८० टक्के लिहिलेले घडले तर (१ − ०.८) चा वर्ग ०.०४, न घडले तर ०.८ चा वर्ग ०.६४. सर्व विभागांची सरासरी काढा, जितकी कमी तितके चांगले. तीन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या की कुठे फाजील आत्मविश्वास होता ते विभागवार दिसते. नोंदीत वर्ष लिहिताना सोहळ्याचा क्रमांकही लिहा. ‘२०१९’ म्हणजे त्या वर्षीचे चित्रपट की त्या वर्षीचा सोहळा, या गोंधळाने कित्येक तक्ते बिघडलेले असतात.

मित्रांमधल्या स्पर्धेत धक्कादायक नावे किती लिहायची?

स्पर्धक पाच-सहा असतील तर एकही नको, प्रत्येक विभागात आघाडीवरचेच नाव लिहा. पन्नास-शंभर जण असतील तर आघाडीचीच यादी लिहिणारे बरेच निघतात आणि पहिला येण्यासाठी वेगळे काहीतरी बरोबर यावे लागते. अशा वेळी दोन किंवा तीन विभाग निवडा, जिथे दुसऱ्या क्रमांकाची शक्यता तुमच्या हिशेबात ३५-४० टक्के आहे पण लोक त्याला विसरले आहेत. दहा टक्क्यांच्या नावावर खूण करणे हे धाडस नव्हे, तो एक गुण सोडून देणे आहे.

९८ व्या सोहळ्यापासूनच्या पाहण्याच्या नियमाने काय बदलेल?

आता अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे तर त्यातले सर्व नामांकित चित्रपट पाहिल्याची नोंद लागते. याचा परिणाम छोट्या विभागांत अधिक असावा, कारण ऐकीव नावावर मत टाकणारे तिथे कमी होतील आणि कमी पाहिला गेलेला पण चांगला चित्रपट बळकट होईल. निष्कर्ष काढायला काही वर्षांचे निकाल हातात हवेत, तोवर या विभागांत टक्केवारी थोडी पसरून लिहा.

निकाल आधी फुटतो का?

नाही. मोजणी प्राइसवॉटरहाउसकूपर्स ही कंपनी करते आणि लिफाफे उघडेपर्यंत पूर्ण निकाल तिच्या मोजक्याच भागीदारांना ठाऊक असतो. फुटलेली यादी म्हणून जे फिरते त्याच्यामुळे एकही नाव बदलू नका.

दोघांना विभागून पुरस्कार मिळाला तर गुण कसे द्यायचे?

असे घडले आहे. १९६८ च्या चित्रपटांत कॅथरीन हेपबर्न आणि बार्बरा स्ट्रायसँड, २०१२ च्या चित्रपटांत ध्वनिसंकलनासाठी ‘स्कायफॉल’ आणि ‘झीरो डार्क थर्टी’. दोघांपैकी कोणाचेही नाव लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या, आणि हे याद्या गोळा करण्याआधीच सर्वांना सांगून ठेवा.